फायबर फुटलं तं फेकाचं काऊन?

रोहणा आणि आजूबाजूच्या समस्त गाडीवाल्या मंडळींनो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय ऐकून हसाल: जुन्या मोटारसायकलच्या फायबरला गेलेला तडा.

आपल्या आर्वी-पुलगाव पट्ट्यात अजून बऱ्याच घरी राजदूत, येझदी, बुलेट, जुनी चेतक उभी आहे. काही रोज वावरात जातात, काही गोठ्यात कडब्याच्या आडोशाला झोपल्या आहेत. इंजिन बसलं तर कुणी ना कुणी मिस्त्री ते उभं करतो. पत्रा सडला तर वेल्डिंगवाला आहे. गाडी अडते ती फायबरवर. कधीकाळी हौसेनं लावलेली फायबरची डिक्की, साइड पॅनल, हेडलाइटचा व्हायझर, नाहीतर स्कूटरची साइडकार. त्याला तडा गेला की सगळीकडे एकच उत्तर: "फायबर हाय भाऊ, याचं काई होत नाई. नवीन टाका."

माझं भांडण या वाक्याशी आहे. हे वाक्य खोटं आहे, आणि त्याच्यामुळे गाडीवाल्याचा पैसा जातो, मिस्त्रीचं काम जातं आणि कचरा मात्र गावाच्या शिवारात राहतो.

आधी हे खोटं कसं, ते सांगतो. आपण ज्याला सरसकट "फायबर" म्हणतो त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. आजच्या नव्या गाड्यांचे पॅनल बहुतेक प्लॅस्टिकचे असतात. जुन्या गाड्यांवर बसवलेलं सामान मात्र खरं फायबरग्लास असतं, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांवर रेझिन ओतून, साच्यात घट्ट केलेलं. ओळखायचं सोपं आहे. तुटलेल्या कडेला धागे दिसतात, मागची बाजू खरबरीत असते, आणि गरम सुई टोचली तर प्लॅस्टिक वितळतं, फायबरग्लास वितळत नाही. हा फरक न बघता प्लॅस्टिकवर रेझिन लावलं की आठ दिवसांत पापुद्रा निघतो, आणि मग "फायबर चिकटत नाई" असा बोभाटा होतो. खऱ्या फायबरग्लासला जोड धरतो आणि नीट केला तर तो टिकतो.

कोकणात जाऊन बघा. तिथे मासेमारीच्या कितीतरी होड्या फायबरच्या आहेत. खडकावर घासून तळाला तडा गेला म्हणून कुणी होडी फेकत नाही. किनाऱ्यावर ओढतात, वाळवतात, घासतात, थर देतात आणि पुन्हा समुद्रात लोटतात. ज्या वस्तूवर माणसं जीव ठेवून खोल पाण्यात जातात ती दुरुस्त होते, अन् आपली टिफिन ठेवायची डिक्की दुरुस्त होत नाही म्हणे!

आता दुरुस्ती कशी होते ते लिहितो. "होत नाई" म्हणणाऱ्याला तुम्ही पुढचा प्रश्न विचारू शकाल, एवढ्यासाठी.

तडा दोन प्रकारचा. एक वरच्या रंगापुरता, कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक. दुसरा आरपार, दाबलं की उघडझाप करणारा. पहिल्याला घासून, पुट्टी भरून, रंग देऊन भागतं. दुसऱ्याला पुट्टीनं काही होत नाही, आणि आपल्याकडे नेमकं तेच केलं जातं. एमसील दाबायचं, लांबी भरायची, वरून रंग मारायचा. पुट्टीत धागा नसतो. गाडी थरथरते, दोन-चार खेपा मारल्या की तडा वर येतो. कुलरच्या टाकीला दर एप्रिलमध्ये एमसील लावायची आपल्याला विदर्भात सवय आहे, म्हणून गाडीलाही तोच इलाज. पण कुलर एका जागी उभा असतो, गाडी रोहण्याच्या रस्त्यावरून जाते.

खरं काम मागच्या बाजूनं होतं. आधी तड्याचं टोक शोधायचं आणि तिथे तीनेक मिलिमीटरचं बारीक भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग मागून तड्याच्या दोन्ही बाजू घासून उतार करायचा. फायबर ३ मिलिमीटर जाड असेल तर उतार दोन्हीकडे साडेतीन सेंटिमीटरपर्यंत न्यायचा. जोड जेवढा पसरट, तेवढा ताण वाटला जातो. ॲसिटोननं पुसून तेल आणि मेण काढायचं. पुढून टेप किंवा पुठ्ठ्याचा आधार द्यायचा, म्हणजे आकार बिघडत नाही. मग काचेच्या मॅटचे तुकडे कापून, रेझिनमध्ये भिजवून, एकावर एक दोन-तीन थर बसवायचे आणि ब्रशनं टोचून टोचून हवेचे बुडबुडे काढायचे. बुडबुडा राहिला की तिथूनच पुन्हा फुटणार. वाळलं की पुढची बाजू घासायची, थोडी पुट्टी, प्रायमर, रंग.

रेझिन घट्ट होतं ते त्यात घातलेल्या हार्डनरमुळे. त्याचं प्रमाण १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा २ ग्रॅम घातले तर ब्रश बुडवेपर्यंत डब्यातच दगड होतो, डबा तापतो, धूर निघतो. म्हणून उन्हाळ्यात प्रमाण कमी ठेवायचं, थोडं थोडं कालवायचं आणि सकाळी काम उरकायचं. थंडीत उलटं. हे गणित डब्यावरच्या बारीक अक्षरांतून शिकता येत नाही, शिकवावं लागतं.

आणि शेवटचं, जे कुणीच बघत नाही: तडा गेला कशानं? दहातल्या बऱ्याच वेळा तो बोल्टच्या भोकापासून निघालेला असतो. रबरी बुश झिजलेला, वॉशर गायब, आणि बोल्ट मात्र पान्यानं जीव खाऊन आवळलेला. फायबरला थरथर सोसायला जागाच उरत नाही. बुश आणि रुंद वॉशर न टाकता नुसता तडा भरला, तर तो परत येणार. दोष फायबरचा नसतो, वीस-तीस रुपयांच्या रबराचा असतो.

या सगळ्याला सामान लागतं ते काही शे रुपयांचं. बाकी लागते ती अक्कल, हात आणि अर्धा दिवस. म्हणजे पैसा सामानात नाही, मजुरीत आहे. जे काम मजुरीचं आहे ते गावात राहतं, जो पैसा पार्टचा आहे तो गावाबाहेर जातो. "नवीन टाका" या दोन शब्दांत हा हिशेब दडलेला आहे.

माझ्याकडे वडिलांची येझदी आहे. म्हैसूरची आयडियल जावा कंपनी १९९६ मध्ये बंद पडली, त्यामुळे असल प्रत आता कुठून आणणार? मोठ्या शहरातल्या एका दुकानात मी तिचं तडकलेलं साइड पॅनल घेऊन गेलो होतो. हातातसुद्धा न घेता काउंटरवरचा मुलगा बोलला, "ये रिपेअर नहीं होता." त्यानं जे नवीन दाखवलं त्याची भोकंच फ्रेमला जुळत नव्हती. म्हणाला, "घिस के बिठा लो." म्हणजे नवीन घासून बसवायचं चालतं, जुनं घासून जोडायचं चालत नाही! मी ते न घेता परत आलो. पॅनल आपल्याच भागातल्या एका मिस्त्रीनं दीड दिवसात जोडलं. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडायचं नाही. पण ते पॅनल अजून गाडीवर आहे.

आता कचऱ्याचं बोलू, कारण माझ्या लेखी खरा मुद्दा तोच आहे. लोखंड फुटलं तर भंगारवाला किलोनं नेतो. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, सगळ्याला भाव आहे. पाण्याच्या बाटलीलाही आहे. फायबरग्लासला नाही. एकदा घट्ट झालेलं रेझिन पुन्हा वितळत नाही, त्यामुळे त्याचं दुसरं काही ओतता येत नाही. भंगारवाला डिक्कीचे बिजागर आणि कुलूप काढून घेतो आणि फायबर तुमच्या दारात टाकून जातो. मग ते कुठे जातं? नाल्यात, उकिरड्यावर, नाहीतर होळीला आणि थंडीच्या शेकोटीत. फायबर जळताना निघणारा काळा घाण धूर ज्यानं एकदा छातीत घेतला तो विसरत नाही. आणि जळून काय उरतं? काचेचे धागे. ते मातीत मिसळतात, तिथे गुरं चरतात, पोरं खेळतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: ज्या वस्तूला भंगारात भाव नाही, तिच्या दुरुस्तीला भाव द्यावाच लागतो. तिसरा रस्ता उकिरड्याचा आहे.

सरकार काय करतं? सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन भंगार धोरणाचा गाजावाजा केला. जुनी गाडी मोडा, लोखंड परत मिळेल. मिळेल ना, पण फायबरचं काय, याचा गावापर्यंत पोहोचलेला इलाज मला तरी दिसलेला नाही. त्याआधी जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात सांभाळलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज. नंबरात 'व्हीए' अक्षरं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००. आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच.

हा नियम कुणासाठी झाला? ज्याच्या बंगल्यात काचेच्या मागे गाडी उभी आहे त्याच्यासाठी. त्याचं चांगलं झालं, माझी तक्रार नाही. पण ज्याची राजदूत अजून दुधाच्या कॅना वाहते त्याच्यासाठी काय? त्याच्यासाठी फीवाढ. १५ वर्षांवरच्या मोटारसायकलची नोंदणी पुढे चालू ठेवायची फी एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारसायकलला ती २,००० झाली. म्हणजे गाडी सांभाळणं हा शौक असेल तर मान, आणि गरज असेल तर दंड.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही आणलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं, हे चार विषय त्यात आहेत. छान आहे. पण पोर्टलनं तडा भरत नाही. हक्क कागदावर आणि गावात दुरुस्ती येणारा माणूसच नाही, तर तो हक्क बजावायचा कुणाकडे?

आणि हे सगळं वर्धा जिल्ह्यात व्हावं, याची मला जास्त लाज वाटते. याच जिल्ह्यात, मगनवाडीत, १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला. जमनालाल बजाजांनी आपली बाग त्यासाठी दिली. कुमारप्पांनी तिथे बसून गावाची वस्तू, गावाचा हात आणि गावाचा पैसा यांचा हिशेब मांडला. १९३८ मध्ये तिथेच मगन संग्रहालय उघडलं. आज त्याच मगनवाडीत केंद्र सरकारची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. आणि गंमत बघा, ज्या बजाज घराण्याचं मूळ वर्ध्यात, त्याच घराण्याच्या कंपनीची चेतक साइडकार लावून अख्खं कुटुंब वाहत होती. दुचाकी आणि ग्रामोद्योग या दोन्हींची नाळ आपल्या जिल्ह्यात आहे. तरी आपल्या पोराला फायबरचा तडा भरायचं रीतसर शिक्षण घ्यायचं म्हटलं, तर त्यानं जावं कुठे?

आता काही लोक म्हणतील, जुन्या गाड्या धूर सोडतात, कशाला जगवता? टू-स्ट्रोक गाडी धूर सोडते, हे खरं आहे. पीयूसी तपासा, नापास झाली तर थांबवा, मी आडवा येणार नाही. पण धूर सायलेन्सरमधून निघतो, डिक्कीतून निघत नाही. डिक्की फुटली म्हणून गाडी मोडीत काढणं हा पर्यावरणाचा विचार नाही. आणि उद्या तुम्ही बॅटरीवरची गाडी घ्याल, तिचंही एखादं पॅनल फुटेलच. तेव्हाही प्रश्न हाच असणार.

कुणी म्हणेल, मग सगळंच दुरुस्त करायचं का? नाही. फायबरची पेट्रोल टाकी असेल तर हात लावू नका. इंग्लंडच्या नॉर्टन कमांडोच्या सुरुवातीच्या गाड्यांना फायबरच्या टाक्या होत्या. तिथे १९७० च्या दशकात मोटारसायकलला अशा टाक्या बसवणं बंद झालं, कारण अपघातात फुटली की आग. त्यात आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आणि जुन्या रेझिनला इथेनॉल मऊ करतं. तिथे पत्र्याची टाकीच हवी. काय जोडायचं आणि काय सोडायचं, हे कळणं म्हणजेच कारागिरी.

आणि जो हे काम करतो त्याच्या अंगाचं काय? रेझिनची वाफ डोकं धरते. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाते, अंगाला खाज सुटते. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. रेझिन लवकर धरावं म्हणून जो निळा-जांभळा कोबाल्ट मिळतो, तो आणि हार्डनर थेट एकत्र केले तर भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये मिसळायचा, हार्डनर शेवटी. मी पंधरा-सोळा वर्षांची पोरं उघड्या हातानं, तोंडाला रुमालसुद्धा न बांधता हे करताना पाहिली आहेत. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. डोळा गेला की मग "नशीब" म्हणायला आपण मोकळे.

थोडं आपल्याकडेही बघू. शोरूममध्ये बिलावर लिहिलेला आकडा आपण मुकाट देतो. मोबाइलवर पार्ट मागवला तर एक रुपया घासाघीस नाही. आणि मिस्त्रीनं अर्ध्या दिवसाच्या कामाचे पाचशे मागितले की, "काऊन बे, सोनं लावलं का?" मग तो पुढच्या वेळी एमसील लावतो, कारण तुम्ही एमसीलचेच पैसे देता. त्याचा पोरगा हे बघतो आणि ठरवतो की बापाचं काम करायचं नाही. नंतर आपणच चौकात बसून म्हणतो, गावात आता चांगला मिस्त्री राहिला नाही.

सांभाळलं नाही की काय होतं, हे रोहण्याला वेगळं सांगायची गरज नाही. १९१७ पासूनची पुलगाव-आर्वी नॅरोगेज, ३५ किलोमीटरची आपली शकुंतला, रोहण्याला थांबायची. जुनी झाली, दुरुस्तीला कुणी पैसा लावेना, पुढे मोठी लाइन येईल म्हणत राहिले. जुनी गेली. मोठी लाइन तुम्हाला दिसली का कुठे? "नवीन येईल" या आशेवर जुनं सोडून देण्याची किंमत या गावानं एकदा मोजली आहे.

म्हणून तीन मागण्या लिहितो.

एक. मगनवाडीच्या संस्थेनं आणि तालुक्याच्या आयटीआयनं मिळून चालू मिस्त्रींसाठी आठ-दहा दिवसांचा फायबर दुरुस्तीचा वर्ग घ्यावा. दहावी-बारावीची अट नको. हातात काम असलेला माणूस हीच पात्रता. शेवटी प्रमाणपत्र आणि सोबत चष्मा, हातमोजे, मास्क. त्यांना फक्त डिक्कीच जोडता येणार नाही. कुलर, पाण्याच्या टाक्या, गोबरगॅसचे फायबरचे घुमट, सगळं त्याच विद्येत येतं. वर्षभराचं काम आहे हे.

दोन. ग्रामपंचायतीनं फायबर आणि प्लॅस्टिक जाळण्यावर बंदीचा ठराव घ्यावा, आणि फुटकं फायबर टाकायला एक कोपरा ठरवून द्यावा. चांगले तुकडे मिस्त्रीला आधारपट्टी म्हणून कामी येतात. उरलेलं निदान धुरात जाणार नाही.

तीन. केंद्रानं व्हिंटेजच्या नियमात रोज वापरात असलेल्या जुन्या दुचाकीसाठी वेगळी, परवडणारी जागा करावी. पीयूसी आणि ब्रेक कडक तपासा, पण नीट सांभाळलेल्या गाडीवर जुनी आहे एवढ्याच कारणानं फी लादू नका.

पहिल्या दोन मागण्यांचं निवेदन मी लिहून तयार ठेवलं आहे. ग्रामसभेत मांडायचं आहे. सही करायला या. मिस्त्री मंडळींनी तर नक्की या, तुमच्याशिवाय त्याला वजन नाही. ज्यांच्या घरी फुटकी डिक्की, पॅनल, साइडकार पडून आहे त्यांनी खाली कमेंटमध्ये नुसतं "आहे" लिहा. किती निघतात ते मोजू आणि तो आकडाच निवेदनाला जोडू.

तोवर कुणी "नवीन टाका" म्हटलं, तर शांतपणे विचारा: "भाऊ, मागून मॅट टाकून होते का नाई, तेवढं सांग."